आतून बंद गाडी

बाबांनी गाडी आतून लॉक केली तेव्हा मी हिंदमातापाशी औषधाच्या दुकानात उभी होते. मे महिन्यातली दुपार. परळला डॉक्टरांना दाखवून परतत होतो. दोन मिनिटांचं काम म्हणून किल्ली तशीच गाडीला ठेवून, पुढच्या काचा खाली करून गेले. बाबांना अलीकडे माणसं ओळखू येत नाहीत हे ठाऊक होतं, तरी गेले. माझ्यासारखी शहाणी मीच.

परत आले तर काचा वर, चारही दारांच्या खुंट्या खाली. गाडी जुनी, काच हाताने फिरवून चढवायची, खुंटी बोटाने दाबायची. एवढं मात्र बाबा विसरले नव्हते. किल्ली त्यांच्या मुठीत होती.

"बाबा, दार उघडा. मी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

मी चारही दारांची हँडलं ओढून पाहिली. ही सवय त्यांचीच. गाडी लावली की ते असेच फिरून एकेक हँडल ओढायचे, अर्ध्या वाटेतून परत जाऊन पुन्हा ओढायचे. आई वैतागून पुढे निघून जायची. मला गाडीत बसवून कुठे उतरले तर बजावायचे, "कुणीही आलं तरी उघडायचं नाही. ओळखीचं असलं तरी नाही." आता ते चोराकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते.

त्यांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. दुसरी किल्ली माहीमला, घरी. भावाला फोन केला, निघतो म्हणाला, पण तो पोहोचेपर्यंत आत काय होईल सांगता येत नव्हतं. मी काच बडवली, ओरडले, भर रस्त्यात रडलेसुद्धा. साडीच्या दुकानातला सेल्समन स्टीलची पट्टी घेऊन आला.

"मॅडम, टेन्शन नको, दोन मिनिटांत उघडतो."

काच आणि रबराच्या फटीत तो पट्टी खुपसत राहिला. काही उघडलं नाही. मग कुणीतरी फुटपाथचा सुटलेला पेव्हर ब्लॉक उचलला. तो पाहताच बाबा माझ्या सीटवर आडवे झाले आणि तिथली माझी पर्स त्यांनी पोटाशी घट्ट धरली.

"थांबा, फोडू नका!" मी ओरडले आणि काचेला तोंड लावलं. "बाबा, उघडा ना हो!"

"माझी मुलगी औषध आणायला गेलीय," आतून बारीक आवाज आला. "ती आली की उघडीन."

मी औषधांची पिशवी काचेला लावून दाखवली. त्यांनी तोंड फिरवलं.

मला त्यांचा राग आला. खरंच आला. मग त्यांचे सुकलेले, पांढरे पडलेले ओठ दिसले. मी ओढणीने डोळे पुसले आणि आवाज जमेल तेवढा परका केला.

"काका, तुमच्या मुलीनं पाठवलंय मला. उन्हात बसू नका म्हणाली. दार उघडा."

"ती कुठाय?"

"येतेय मागून."

खुंटी वर आली.

त्यांना घोट घोट पाणी पाजलं, मान ओल्या रुमालाने पुसली. भावाला येऊ नकोस म्हणून कळवलं. किल्ली त्यांनी दिली, पर्स सोडली नाही. गाडी सुरू केली तसा त्यांनी माझा हात धरला.

"निघालात कुठे? माझी मुलगी येऊ द्या की."

मी गाडी समोरच्या झाडाच्या सावलीत घेतली, सगळ्या काचा खाली केल्या, आणि त्यांच्या शेजारी तिची वाट पाहत बसले.