नाकातली गाठ आणि माझी सही

डॉक्टरांनी दुर्बीण नाकातून काढली आणि पडद्यावर बोट ठेवलं. लालभडक, वाटाण्याएवढी गाठ.

"ताई, याला हिमँजिओमा म्हणतात. कॅन्सर वाटत नाही, पण काढावी लागेल."

हिमँजिओमा म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा वाढलेला गुच्छ. जरा धक्का लागला की रक्त.

मी एसटीत कंडक्टर आहे. तीन महिने उजव्या नाकपुडीतून रक्त येत होतं. घरचे उष्णता म्हणायचे, मी सब्जा पीत राहिले. येरमाळ्याला तिकीट देताना एका म्हाताऱ्याच्या धोतरावर थेंब पडले, तेव्हा सुट्टी टाकून धाराशिव गाठलं.

सीटी स्कॅनमध्ये दिसलं, गाठ नाकाच्या मधल्या पडद्याला चिकटली होती, पुढं पसरली नव्हती. आधी नुसता तुकडा काढला तर रक्त थांबणं अवघड, म्हणून सगळीच काढून तपासायचं ठरलं.

घरी मोठे दीर म्हणाले, "रक्ताची गाठ हाय. सुरी लावली की पसरती. त्यापरीस नोकरी सोड, घरी बस."

"गाठ नाकात हाय, दादा. नोकरीत न्हाय," मी म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी संमतीचा फॉर्म आला. नवऱ्यानं पेन घेतलं आणि दादांकडं बघत बसला. सिस्टर म्हणाल्या, "पेशंट शुद्धीवर आहेत. सही त्यांचीच लागते."

मी फॉर्म पूर्ण वाचला. रक्तस्राव होऊ शकतो, पडद्याला छिद्र पडू शकतं, गाठ परत येऊ शकते. नवऱ्याच्या हातातलं पेन घेतलं. सही केली.

नाकातूनच ऑपरेशन झालं, चेहऱ्यावर साधा ओरखडा नाही. गाठीचं मूळ जाळून बंद केलं. पुढचे दोन दिवस नाकात पॅकिंग, म्हणजे रक्त थांबवायला कोंबलेली पट्टी. तोंडानं श्वास घ्यायचा, घसा कोरडा पडायचा. सासूबाई चमच्यानं कोमट पेज भरवायच्या. खरं दुखलं ते पॅकिंग काढताना.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. बिनाइन, म्हणजे साधी गाठ.

"देवीनं वाचवलं," दादा म्हणाले. मी देवीला हात जोडले, डॉक्टरांनाही जोडले. पण दवाखान्याची पायरी माझी मी चढले होते, हेही दादांना सांगितलं.

आता ड्यूटीवर आहे. एकाच नाकपुडीतून वरचेवर रक्त येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, हे गाडीतल्या बायांना सांगते. परवा आमच्या जिल्ह्यातल्या वाशीच्या एकीनं विचारलं, "घरचे नको म्हणले तर?"

"विचारत बसू नको," म्हणलं. "सांगून निघ."