तिसऱ्या पात्याचा आवाज

रहाटदादा दाराची परीक्षा कानाने घेत. नवीन दार चौकटीत बसवले की ते डोळे मिटून, मान किंचित कलती करून उभे राहत, एक हात दारावर ठेवत आणि ते हळूहळू लोटत. कुठे कुरकुर ऐकू आली, तर दार पुन्हा उतरवत. चौलपासून नागावपर्यंत त्यांनी बसवलेली दारे आजही आवाज न करता मिटतात. त्यांचे खरे नाव मला बऱ्याच वर्षांनी कळले. वाड्यांच्या विहिरींवर लाकडी रहाट होते त्या काळात या भागातले निम्मे रहाट त्यांनी घडवले होते, म्हणून सगळ्यांचे ते रहाटदादा.

विजेचे पंप आले आणि रहाट एकेक करून जळणात गेले. दादांनी कोणाला दोष दिला नाही. ते दारे-खिडक्या करू लागले. फक्त एक रहाट त्यांनी मोडू दिला नाही. तो होता त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाच्या वाडीत, आमच्या घराच्या कुंपणापलीकडे. त्या वाडीत वहिनी एकट्या राहत. नजर अधू झालेली. अंगणाच्या कडेपलीकडचे त्यांना धूसर दिसे. तरी वाडीचे शिंपणे त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिले नव्हते.

एका वादळात त्या वाडीतल्या बहुतेक पोफळी आडव्या झाल्या. वहिनींनी सुपारीची साठ रोपे नव्याने लावली. सुपारीच्या रोपाला पहिले काही उन्हाळे पाणी चुकवून चालत नाही, आणि नेमकी उन्हाळ्याच्या दुपारी वीज इतकी मंद येई की पंप नुसता गुणगुणत राही. पहिल्या चैत्रात नऊ रोपे करपली. वहिनी प्रत्येक रोपाजवळ बसून पाने हाताने चाचपून पाहत होत्या. दादा ते पाहत उभे राहिले आणि कुंपणावरून मला म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत वारा शिकवलात ना? मग या रहाटाला बैलाच्या जागी वारा जुंपता येईल काय, ते सांगा."

मी तीस वर्षे विज्ञान शिकवले होते. मी वही काढली, कोनमापक काढला. रहाटाचा खांब उभाच असतो, म्हणून पवनचक्कीही उभ्या आसाची करायचे ठरले. खांबाच्या माथ्यावर चार हात, प्रत्येक हाताला दारासारखे एक पाते. वाऱ्याबरोबर जाताना पाते ठोकळ्याला टेकून रुंद उभे राहावे आणि वारा अंगावर घ्यावा. वाऱ्याविरुद्ध परतताना आपोआप वळून फक्त कड पुढे करावी. असे झाले तर वारा कोठूनही येवो, पहाटेचा जमिनीवरून येणारा मतलई असो की दुपारचा समुद्रावरचा, चक्की एकाच दिशेने फिरेल. मी आकृती शाईने काढली. दादांनी ती बराच वेळ पाहिली. "छान हाय. पण बाई, कागदावर वारा नसतो," ते म्हणाले आणि कामाला लागले.

बांबूच्या चौकटी, त्यांवर जुन्या पडावाच्या शिडाचे कापड, पितळेच्या बिजागऱ्या. प्रत्येक पात्याचा ठोकळा मी सांगितलेल्या कोनात. काम इतके सुबक झाले की पाती बोटाने लोटली तरी आवाज येत नव्हता. आणि चक्की फिरली नाही. तीन दुपारी भरपूर वारा होता, माडांच्या झावळ्या उलट्या होत होत्या, आणि चक्की स्तब्ध. शेजारच्या वाडीतला सदू रोज येऊन पाहून जाई. तिसऱ्या दिवशी त्याने हात जोडले. "दादा, देऊळ बांधलंत काय? सांगा तर, नारळ घेऊन येतो."

"ये. आणि प्रसाद म्हणून दोन डबे पाणी विहिरीतून ओढून जा," दादा म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्या आठवड्यात आणखी दोन रोपे गेली होती.

मी वहीतले कोन पुन्हा मोजले. दादा मात्र पायरीवर बसून वाडीच्या फाटकाकडे पाहत राहिले. गावभरची दारे नीट करणाऱ्या या माणसाचे वहिनींच्या फाटकाकडे कधी लक्ष गेले नव्हते. त्याच्या बिजागऱ्या झिजल्या होत्या आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेसरशी ते आत-बाहेर वळत होते. दादा एकदम उठले. "आयुष्यभर घट्ट बसवायला शिकलो, तेच नडलं. पातं लोटलं तिथंच राहतं, वाऱ्यानं आपसूक वळत न्हाय," ते म्हणाले. पाती उतरवून त्यांनी बिजागरीची प्रत्येक खीळ कानशीने घासली, दोन सूत सैल केली. मला राहवले नाही. मी म्हटले, "दादा, पाती खडखडतील. काम कच्चे दिसेल."

"दिसू दे. सैल ठेवलं म्हणजे विसरलो असं न्हाय, बाई."

दुपारी वारा आला. पहिले पाते वळले, ठोकळ्यावर आदळले, खट. मग दुसरे. खांब कुरकुरला, रहाटाचे चाक हलले आणि वाऱ्याला भार झेपावा म्हणून दर तिसराच लोटा ठेवलेली रहाटाची माळ हळूहळू वर येऊ लागली. पाण्याची पहिली धार पन्हळीत पडली तेव्हा वहिनींनी ओंजळ पुढे धरली. सदू खरोखरच नारळ घेऊन आला. उरलेली एकोणपन्नास रोपे त्या उन्हाळ्यात जगली.

पुढे चार पात्यांचा सततचा खडखडाट नको म्हणून दादांनी ठोकळ्यांवर जुन्या चपलांचे रबर ठोकले. मी वहीत नोंदवले : चार ठोकळे, चार रबरे. दर पावसाळ्याआधी ते पाती उतरवून ठेवत आणि दिवाळीनंतर पुन्हा चढवत. तीन वर्षे हा क्रम चालला. चौथ्या वर्षी श्रावणात दादा गेले. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेले, तर म्हणाले, "बिजागरीला खोबरेल लावा, बाई. ग्रीस नको, वाळू धरतं." दुसरे काही बोलले नाहीत.

त्या दिवाळीनंतर पाती मी आणि सदूने चढवली. वही उघडून मी एकेक गोष्ट पडताळली. तिसऱ्या ठोकळ्यावर रबर नव्हते. पडले असेल असे समजून मी नवा तुकडा कापला आणि ठोकून बसवला. दुपारी वारा सुटला. चक्की फिरू लागली, अगदी निःशब्द. दादांनी बसवलेल्या दारासारखी. मला समाधान वाटले.

थोड्या वेळाने वहिनी ओसरीचा खांब चाचपत बाहेर आल्या. "बाई, चाक थांबलं काय वो?"

"नाही वहिनी, छान फिरतंय. पाणीसुद्धा पडतंय."

"मग बोलत का न्हाय?" त्या गोंधळून उभ्या होत्या. "खट वाजलं की चाक फिरलं, असं भावोजींनी सांगितलं हाय. शंभर खट झाले की उठायचं आणि पाट सोडायचा. मी कधीची वाट बघतेय."

मी ठोकळ्याकडे पाहिले. त्यावर खिळ्यांची जुनी भोके नव्हती. तिथे रबर कधी ठोकलेच नव्हते. तीन वर्षे कुंपणापलीकडून कानावर येणारा तो एक खट मी सैल बिजागरीचा समजत होते. मी वहीत लिहिले होते ते न तपासता, आकृतीवरून.

सदूला चक्की धरायला सांगून मी शिडीवर चढले आणि पकडीने खिळे उपटले. रबराचा तुकडा खाली पडला. सदूने हात सोडले. पाते वळले.

खट.

वहिनींनी मान किंचित कलती केली, दादा दाराजवळ करीत तशी. मग पायरीवर बसल्या आणि बोटांवर मोजू लागल्या.