बादलीतला बाळकृष्ण

मी एकदा देवाला बादलीत बुडवलं होतं. संकट आलं की देव पाण्यात घालायचा आणि मागणं पुरं होईपर्यंत बाहेर काढायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. पण लोक ताम्हन घेतात, वाटी घेतात. मी भरलेली बादली घेतली. तेव्हा मी नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, साठीची अल्लड पोर होते, आणि आपल्याइतकं पुण्यवान कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती.

कारण मी टांझानियातल्या एका खेड्यात फुकट गणित शिकवत होते! भाचा तिकडं शहरात नोकरीला. त्यानं सांगितलं, मुलींच्या शाळेला शिक्षक मिळत नाही, की मी निघाले. घरी हर्सूलला आमच्या ह्यांचं हृदयाचं दुखणं होतं. निघताना मी देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण पिशवीत टाकला आणि त्याच्याशी सरळ सौदा केला : मी तुझी लेकरं बघते, तू माझं माणूस बघ. हे हसत होते. "जा बाई, लई वर्षं मला शिकवलंस. आता दुसऱ्या कुणाला तरी छळ." तिथं आजीला 'बीबी' म्हणतात हे फोनवर कळलं तेव्हा म्हणाले, "बीबी व्हय? मग बीबीचा एक मकबरा इथं आहेच, दुसरा मी बांधायला घेतो." असलं अभद्र बोलू नका म्हणून मी फोन आपटला.

त्या वर्षी तिथं पाऊस नव्हता. आटलेल्या नदीच्या वाळूत खड्डा करायचा, झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं भरायचं आणि डोक्यावरून आणायचं. माझी बादली माझ्या वर्गातली नीमा आणून द्यायची. एका दुपारी मुलाचा फोन आला, "आई, बाबांना आयसीयूत ठेवलंय. निघ तू." गावात जीप फक्त बाजाराच्या दिवशी यायची, आणि बाजार परवा. मी खोलीचं दार लावलं, नीमानं नुकतीच ठेवलेली बादली पुढ्यात ओढली आणि बाळकृष्ण तिच्यात सोडला. ह्यांची भेट होईपर्यंत काढणार नाही म्हटलं. मोठ्या बादलीतून देवाला जास्त ऐकू जातं असं मला वाटलं असावं. संध्याकाळी नीमाची धाकटी बहीण पेला घेऊन पाणी मागायला आली. माझ्या पाठीमागं बादली भरलेली होती. मी नाही म्हणाले.

सकाळी मुलगा म्हणाला, "आई, बाबा गेले." मग विचारलं, "थांबवून ठेवू त्यांना, तुझ्यासाठी?" उद्याची जीप, पुढं शहर, पुढं विमान. मी म्हटलं, "नको. उन्हाचे दिवस आहेत." ह्यांना शेवटचा हात लावायला मी नव्हते. खोलीत येऊन बादलीत पाहिलं, तर तो तळाशी रांगत, लोणी हातात धरून हसत होता. "राहा तिथंच," मी म्हटलं. "मर."

मी कुणाला बोलावलं नव्हतं. पण दुपारपर्यंत गावातल्या बायका चटया घेऊन आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. एक माझ्या पाठीवर हात ठेवून राहिली. ह्यांना कधी न पाहिलेल्या त्या बायका माझ्याआधी रडल्या. दुःखाच्या घरी चूल पेटवू द्यायची नाही, पिठलं-भाकरी शेजारच्यांनी आणायची, हे मला आपलंच वाटायचं. त्यांनीही माझ्या चुलीला मला हात लावू दिला नाही. मक्याचं पीठ घेऊन आल्या होत्या, फक्त पाणी हवं होतं. नीमाची आई बादलीजवळ गेली, वाकली आणि थबकली. मला वाटलं, आता विचारणार. लेकराला पाणी नाकारलंस ते ह्याच्यासाठी? तिनं कोपरापर्यंत हात घालून त्याला वर काढलं.

ह्याला कृपा म्हणावं का, तुम्ही ठरवा. पाऊस आला नाही, हे परत आले नाहीत. त्याच पाण्यात शिजलेलं पीठ नीमाच्या बहिणीनं माझ्या मांडीला मांडी लावून खाल्लं, मीही खाल्लं. मी ज्याला मर म्हटलं, तो तोवर चटई घेऊन माझ्या भिंतीला येऊन बसला होता, एवढं मला आज कळतं. सौदा मी तेव्हापासून सोडला. जे होईल ते तुझं, एवढंच त्याला सांगते. परवा नातवाच्या परीक्षेसाठी सूनबाई देव पाण्यात घालायला निघाल्या. म्हटलं, "अगं, त्याला कशाला भिजवतेस? पोराच्या डोळ्यांवर मार पाणी."

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. तोवर मला त्या बायकांची भाषा कामापुरती कळत होती. नीमाच्या आईनं बादलीतून काढलेल्या बाळकृष्णाला आपल्या अंगावरच्या कापडानं पुसलं, तान्ह्या लेकराला गुंडाळतात तसं गुंडाळलं आणि माझ्या ओटीत ठेवलं. म्हणाली, "गार पडलाय गं, बीबी. जवळ घे त्याला."