अजून एक माणूस

कार्यालयात तिला सगळे 'आकडेबाई' म्हणत. हृदयाच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. कोणाला खरं औषध मिळतंय आणि कोणाला नुसतीच तशी दिसणारी पोकळ गोळी, हे ना रुग्णांना ठाऊक होतं ना त्यांच्या डॉक्टरांना. ते दिसायचं फक्त तिच्या पडद्यावर, कोपऱ्यातल्या कुलूपबंद खोलीत.

हल्ली खरं औषध घेणाऱ्यांत माणसं जास्त दगावत होती. जराशीच जास्त. तेवढा फरक योगायोगानंही पडतो. म्हणून चाचणी सुरू होण्याआधीच तिनं एक रेघ आखून दिली होती. मृत्यू त्या रेघेपलीकडे गेले, तर चाचणी थांबवायची. रेघ नसती तर दोन वाईट बातम्या आल्या की घाबरून लोकांनी चांगली औषधंही कचऱ्यात टाकली असती. आता रेघ ओलांडायला एक माणूस कमी पडत होता. आपण त्याची वाट पाहतोय, हे तिच्या लक्षात आलं होतं.

त्यात दुपारी ताईचा फोन आला.

"अगं, सांगायचंच राहिलं. हे हृदयाच्या एका नव्या औषधाच्या चाचणीत दाखल झालेत."

ताईनं रुग्णालयाचं आणि मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. तीच चाचणी. मागून भाऊजी ओरडले, "मेलो तर मला नीट मोज गं! दशांशात नको टाकूस!"

"काहीतरीच तुमचं!" ताई हसली.

फोन ठेवला तेव्हा तिचा हात माउसवर होता. वय, वजन, दाखल झाल्याची तारीख. एवढ्यावर भाऊजी सापडले असते. खऱ्या औषधाच्या गटात निघाले, तर ताईला सांगितल्यावाचून तिला राहवलं नसतं. आणि पोकळ गोळीच्या गटात निघाले, तर तिला शांत झोप लागली असती. या दुसऱ्या विचारानं ती जास्त हादरली.

तिनं चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख समितीच्या अध्यक्षांना फोन लावला.

"सर, माझ्या घरचं माणूस आहे त्यात. मला या कामातून काढा."

"कुठल्या गटात, बघितलंत?"

"नाही."

"बरं केलंत. आणि रेघ?"

"एक माणूस अलीकडे. सर, आत्ताच नाही का थांबवता येणार?"

"हे आकडेबाई विचारतायत की मेहुणी?"



संध्याकाळपर्यंत तिचा पासवर्ड बंद झाला; चाचणी चालूच राहिली. घरी येऊन चपला काढते न काढते तोच पुन्हा ताई.

"यांना जरा धडधडतंय. डॉक्टर म्हणाले, गोळी चालू ठेवा, उद्या दाखवा. देऊ ना?"

"नको देऊस."

"का?"

तिनं उघडं राहिलेलं दार लावून घेतलं.

"का गं? तुला काही माहितीये का?" ताईचा आवाज एकदम बारीक झाला.

"नाही," ती म्हणाली. भाऊजींपुरतं ते अगदी खरं होतं, आणि ताईला ते पटणार नव्हतं. चाचणीतल्या बाकीच्या रुग्णांच्या घरी याच वेळी कोणी ना कोणी गोळी आणि पाण्याचा पेला आणून देत होतं.