आक्कांचा शेरा

आक्कांना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. उलट ती कामाला लावली. लातूरच्या न्यायालयाच्या आवारात मध्यस्थी केंद्राची खोली होती. भांडणारे नवरा-बायको तिथं आले की आक्का त्यांचे पहिले दोन-चार शब्द ऐकून घ्यायच्या आणि मग खुर्च्या दाखवायच्या. ज्याचा आवाज मोठा तो डावीकडं. जो तोंडातल्या तोंडात बोलतो तो उजवीकडं, जवळ. मोठ्या आवाजाच्या माणसाला थोड्या वेळानं कळायचं की बाईंचं लक्ष दुसरीकडंच आहे, आणि तो आपोआप खाली यायचा. त्या कानाबद्दल वकिलांच्या खोलीत बऱ्याच कहाण्या चालायच्या. नवऱ्यानं मारलं होतं म्हणे, सासऱ्यानं मारलं होतं म्हणे. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "लहानपणी फोड झाला होता कानात. आमच्या गल्लीत तवा डॉक्टरकडं कोण जायचं? लोकायला गोष्ट पाहिजे असती, वकीलसाब."

त्या उदगीरच्या. तिकडं कानडीचा शेजार असल्यामुळं थोरल्या बहिणीला आक्का म्हणतात, आणि बौद्ध वस्तीतल्या त्या घरात त्या पाच भावंडांत थोरल्या. वडील रेल्वेत गँगमन होते. आक्का लातूरला कायदा शिकल्या, तिथंच तीस वर्षं वकिली केली आणि शेवटची काही वर्षं कौटुंबिक वादांत मध्यस्थ म्हणून काम केलं. न्यायाधीशांपासून शिपायांपर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणायचे. त्या मात्र सगळ्यांना अहो-जाहो करायच्या, अगदी पक्षकारांच्या शाळकरी लेकरांनासुद्धा.

मी नांदेडचा. बारा वर्षं वकिली झाली होती आणि उलटतपासणीसाठी माझं थोडंफार नाव होतं. या कामाकडं मी वळलो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळं. तिचा घटस्फोटाचा खटला मीच चालवला. नऊ वर्षं चालला. निकाल आमच्या बाजूनं लागला त्या दिवशी मी घरी मिठाई घेऊन गेलो, तर ताई डबा न उघडता म्हणाली, "जिंकलास तू. पण माझं सारं वय त्या पायऱ्यांवर गेलं की रे." पुढच्याच महिन्यात मध्यस्थ होण्याच्या प्रशिक्षणाचा फॉर्म आला आणि मी भरला.

प्रशिक्षण लातूरला होतं, चाळीस तासांचं. शिकवणाऱ्यांत आक्का होत्या. तिसऱ्या दिवशी खोटी बैठक घेतली. आक्का चिडलेला नवरा झाल्या आणि मी मध्यस्थ. त्या बोलत गेल्या, मी प्रश्न विचारत गेलो. दहाव्या मिनिटाला त्यांच्या बोलण्यातली विसंगती मला सापडली आणि मी ती नेमकी पकडली. वर्गात दोघा-तिघांनी माना डोलावल्या. आक्कांनी नवऱ्याचं सोंग टाकलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही ऐकायलाव का उत्तर शोधायलाव?" त्यांनी बराच वेळ तो प्रश्न तसाच राहू दिला.

प्रशिक्षण झालं म्हणजे मध्यस्थ झालो, असं नसतं. नंतर एखाद्या अनुभवी मध्यस्थाशेजारी बसून पाहायचं, मग त्याच्या देखरेखीखाली स्वतः बैठका चालवायच्या, आणि शेवटी तो जो शेरा लिहील त्यावर मध्यस्थांच्या यादीत नाव जायचं. मी आक्कांकडं बसायचं ठरवलं. नांदेडच्या मित्रांनी सांगितलं होतं की त्या सहजासहजी सही करत नाहीत. मला ते आव्हान वाटलं. दर शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं लोहा, अहमदपूर करत मी लातूर गाठायचो.

समोर बसलेल्यांना "काय झालं?" असं आक्का कधीच विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "सकाळी काय खाऊन निघालाव?" बहुतेक जण काहीच खाऊन आलेले नसत. मग आधी चहा-बिस्किटं यायची. उपाशी माणसाकडून काही ठरवून घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं. भाऊ, मामा, चुलते आत घुसू लागले की त्यांना बाहेरचा बाक दाखवायच्या. आणि एक नियम त्या कधी चुकवत नसत. नवरा किंवा बायको एकटी असताना काही बोलली, तर ती उठायच्या आधी त्या विचारायच्या, "यातलं काय बाहेर न्यायचं, काय इथंच ठेवायचं?" जे इथंच ठेवायचं ते इथंच राहायचं. टिपणाचा कागद त्या तिच्यासमोरच फाडायच्या.

मी चुकलो ते नेमकं इथंच. ज्यांच्याबाबत चुकलो त्या बाईंनी पुढं स्वतः होकार दिला म्हणून, नावं बदलून, माझ्या चुकीपुरतं सांगतो.

वर्षा माहेरी, उमरीला भावाकडं राहायची. नवरा संतोष लातूरला एका खासगी शाळेत शिक्षक. दुसरीतली मुलगी त्याच्याकडं होती आणि वर्षानं तिच्या ताब्यासाठी अर्ज केला होता. दर रविवारी तिला मुलीला भेटता यायचं. या बैठका मी चालवायच्या आणि आक्कांनी शेजारी बसून पाहायचं, असं ठरलं होतं. तिसऱ्या बैठकीत वर्षा एकटी असताना म्हणाली की तिला निजामाबादच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात ती तिकडं जाईल. संतोषला हे आताच कळू नये. कळलं तर तो लेकीला कुठंतरी नेऊन ठेवील. मी नियमाप्रमाणे विचारलं. ती म्हणाली, इथंच ठेवा. मी कागद फाडला.

अर्ध्या तासानं संतोष एकटा समोर होता. तडजोड अगदी जवळ आली आहे असं मला वाटत होतं. तो एकाच मुद्द्यावर अडला होता: भावाच्या घरात आश्रितासारखी राहणारी बाई मुलीला काय सांभाळणार? मला त्याचा तो मुद्दा खोडायचा होता. मी म्हणालो, "ती काही कायम उमरीतच राहणार नाही."

एवढंच वाक्य. संतोषनं माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे? कुठं चालली ती?" मी म्हणालो, तसं काही नाही, मी आपलं सर्वसाधारण बोललो. हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण तो बराच वेळ फिरवत राहिला. मग पुढची तारीख घेऊन निघून गेला.

तो गेल्यावर आक्कांनी विचारलं, काय झालं ते कळलं का. त्याच्या काही लक्षात आलं नसावं, असं मी म्हणालो. "त्याच्या आलं. तुमच्या न्हाई आलं," त्या म्हणाल्या. वर्षा तोवर उमरीच्या गाडीत बसली होती. आजच तिला फोन करून सगळं सांगा, असं त्यांनी बजावलं आणि मी हो म्हणालो. संध्याकाळी नांदेडला उतरल्यावर दोनदा फोन हातात घेतला. कदाचित काहीच होणार नाही, मग उगाच तिला का घाबरवायचं, असं मनाला समजावलं. शनिवार गेला. रविवार गेला.

सोमवारी सकाळी आक्कांचा फोन आला. "वर्षा इथं येऊन बसलीय. या."

ते तीन तास एसटीत मी कसा बसलो होतो ते मला अजून आठवतं. रविवारी वर्षा मुलीला भेटायला गेली तर घराला कुलूप होतं. ती लातूरलाच ओळखीच्यांकडं थांबली आणि सोमवारी मुलीच्या शाळेत गेली. वडील मुलीची रजा टाकून बाहेरगावी गेले, एवढंच शाळेला माहीत होतं. संतोषचा फोन बंद होता.

मी खोलीत शिरलो तेव्हा वर्षा उजवीकडच्या खुर्चीत बसली होती. तिचा भाऊ बाहेरच्या बाकावर होता. आक्का माझ्यासाठी काही बोलतील, निदान सुरुवात करून देतील, अशी मला आशा होती. त्या वर्षाला एवढंच म्हणाल्या, "हे तुम्हाला काही सांगणार हायत." आणि खुर्ची मागं सरकवून बसल्या.

मी सांगितलं. वाक्य जसंच्या तसं सांगितलं. शुक्रवारीच फोन करायचा होता, केला नाही, तेही सांगितलं. कोर्टात मी कितीतरी साक्षीदारांना घाम फोडला होता. त्या दिवशी स्वतःचा आवाज मला परक्यासारखा ऐकू येत होता. वर्षा ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "सर, मी माझ्या भावाला पण सांगितलं नव्हतं. तुम्हालाच सांगितलं होतं."

मग आक्का पुढं सरकल्या. त्यांनी तिला सगळे रस्ते सांगितले: मध्यस्थी थांबवून परत न्यायाधीशांपुढं जाता येईल, आमच्याविरुद्ध तक्रार करता येईल, आणि काहीही ठरवलं तरी हे सर आता या प्रकरणात बसणार नाहीत. वर्षानं विचारलं, तुम्ही बसाल का? आक्का हो म्हणाल्या. भाऊ दारातून पोलिसांत जाऊ म्हणत होता. तिनं त्याला हातानंच थांबवलं.

संतोषचा फोन दुपारी चारच्या सुमारास लागला. आक्का वर्षासमोरच बोलल्या. "संतोषराव, आक्का बोलते. चूक आमच्याकडून झालीय, वर्षाकडून न्हाई. ती तोंडावर सांगायची हाय म्हणून बोलवायलेय. शुक्रवारी लेकराला घेऊन या." फोन कट झाला.

त्या शुक्रवारी मला तिथं काहीच काम नव्हतं, तरी मी गेलो. बाहेरच्या बाकावर वर्षाच्या भावाशेजारी बसलो. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. अकरा वाजले. बारा वाजले. आत वर्षा आणि आक्का दोघीच होत्या. साडेबारा झाले तेव्हा भाऊ उठून फाटकापर्यंत गेला आणि परत आला. पाऊण वाजता संतोष आला. मुलगी त्याच्याबरोबर होती, शाळेच्या गणवेशात. दार बंद झालं.

अडीच तासांनी ते उघडलं. मुलीनं आईचा हात धरला होता आणि दप्तर बापाच्या खांद्यावर होतं. तिघं पायऱ्या उतरून समोरच्या हॉटेलात गेले. भाऊ त्यांच्या मागं गेला. काय ठरलं ते मी आक्कांना विचारलं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "तुम्ही आत नव्हतात." त्या दिवशी आत काय झालं ते मला आजही माहीत नाही.

पंधरा दिवसांनी माझ्या फॉर्मवर शेरा आला. चार ओळी होत्या. "ऐकू शकतात. जिंकायची घाई आहे. चूक सांगायला तीन दिवस लावले. अजून बसावं लागेल."

आधी मला राग आला. तिसरी ओळ लिहायची काय गरज होती? नांदेडच्या एका ज्येष्ठ मध्यस्थांनी सुचवलं की माझ्याकडं बदलून या, दोन महिन्यांत सही करून टाकतो. मी तसा अर्ज तयार केला आणि आक्कांसमोर नेऊन ठेवला. मनात त्यांच्याशी वाद घालायची पूर्ण तयारी होती. त्यांनी तो सावकाश वाचला, घडी घातली आणि मुखेडकडच्या एका मुलीची गोष्ट सांगितली. वकिलीच्या सुरुवातीच्या दिवसांतली. आक्कांनी तिची आणि नवऱ्याची समजूत घालून तिला नांदायला परत पाठवलं होतं. पेढे वाटले, फोटो काढला. सहा महिन्यांनी चौकशी केली तर ते घरच गाव सोडून गेलेलं. कुठं, ते कुणाला सांगता येईना.

"निघायच्या आधी ती मला म्हणली होती, आक्का, मला जायचं न्हाई. लई हळू म्हणली. मी म्हणलं, होईल समदं नीट." मग त्या म्हणाल्या, "अजून मुखेडला कामाला गेले की बाजारातनं एक चक्कर मारते. दिसली तर दिसली."

अर्ज मी परत बॅगेत घातला आणि पुढचे आठ महिने दर शुक्रवारी जात राहिलो.

शेवटची बैठक अहमदपूरकडच्या एका जोडप्याची होती. चार वेळा बसलो. मला ते एकत्र राहावेत असं फार वाटत होतं, आणि दोनदा तसं बोलायचं ओठांवर आलं होतं. चौथ्या वेळी ती बाई हळूच म्हणाली की तिला वेगळं व्हायचं आहे. मी काही बोललो नाही. मग नवरा खाली मान घालून म्हणाला, त्यालाही तेच वाटतंय, सांगायचं धाडस होत नव्हतं. मुलांच्या सुट्ट्या, आजारपण, शाळा, सगळं त्या दोघांनीच एकेक करून ठरवलं. आक्का पूर्ण वेळ गप्प होत्या.

ते गेल्यावर मी म्हणालो, नाही जमलं, आक्का. त्यांनी ड्रॉवरमधून माझा फॉर्म काढला, दोन शब्द लिहिले आणि सही केली. "बसू शकतात." मी बघतच राहिलो. "दोघांनी आपलं आपण ठरवलं," त्या म्हणाल्या. "अजून काय पायजे?"

नांदेडच्या यादीत माझं नाव लागलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात आक्का गेल्या. सकाळी चहा घेता घेता हृदयविकाराचा झटका आला, असं त्यांच्या धाकट्या भावानं फोनवर सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी उदगीरला गेलो. त्रिशरण-पंचशील झालं, वकील मंडळी बोलली, एक न्यायाधीश बोलले. विहार भरून लोक बाहेर मांडवात बसले होते. त्यांतले कितीतरी जण ना नात्यातले होते, ना वस्तीतले, ना कोर्टातले. एकेकटे आलेले पुरुष, एकेकट्या बायका, काही जोडपी. त्यांच्यापैकी कुणी बोलायला उठलं नाही. माझ्या शेजारी साठीच्या घरातला एक गृहस्थ होता. आक्का तुमच्या कोण, असं त्यानं विचारलं. त्यांच्या हाताखाली शिकलो, असं मी सांगितलं आणि सहज विचारलं, "आणि तुमच्या?"

तो समोरच्या फोटोकडं पाहत राहिला.

"वळख हाय," तो म्हणाला.

मी पुढं काही विचारलं नाही.