गल्लीची मोकळी जागा

माझे सासरे वारले आणि दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाला त्यांचा फ्लेक्स लागला. 'आमच्या गल्लीचा आधारवड हरपला.' आणि खाली फोटो कुणाचे? ज्यांनी त्यांना जन्मभर येडं म्हणलं त्यांचेच. केस विंचरून, हात जोडून. दारातनं ते बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधारवड म्हणे! जित्तेपणी ह्याच लोकांनी त्यांच्या दारापुढं कचरा टाकला होता.

मी काही त्यांची लाडकी सून नव्हते, हे आधीच सांगते. आमचं कधी पटलंच नाही. देगलूरला माझ्या लग्नात वरबाप म्हणून आले आणि पाणीसुद्धा न पिता मांडवाचे खांब हलवून बघायला लागले. एक खांब हलला. झालं! मुहूर्त टळला तरी चालंल, पण खांब परत गाडा म्हणून अडून बसले. मांडववाला रडकुंडीला आला, माझे वडील हात जोडून उभे, आणि मी बाशिंग बांधून आत घामानं निथळून राहिले होते. फौजेत इंजिनिअर होते ते. लढाईत पूल बांधलेले. नंतर सरकारी बांधकाम खात्यात नांदेडला, उमरीकडं, कुठं कुठं. रिटायर होऊन लातूरला आले, पण फौज काही डोक्यातनं निघाली नाही. कुणी स्लॅब टाकायला काढला की हे बिनबोलावता हजर. सळया हलवून बघणार, वाळू मुठीत दाबून बघणार, दारं मोठी ठेवा म्हणून घरमालकाला चार शब्द सुनावणार. सगळं फुकट. आमच्या मोरीतला नळ मात्र ठिबकत राहायचा.

भूकंप झाला तेव्हा ते मलबा उपसायला खेड्यांत गेले आणि कितीतरी दिवस तिकडंच राहिले. परत आल्यावर जेवताना एकदाच बोलले. "सूनबाई, घरात मेले तसे लोक बोळांतबी मेले. पळून बाहेर आले आन् दोन्हीकडच्या भिंती अंगावर आल्या. उभं राहायला मोकळी जागाच नव्हती." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरापुढच्या आमच्या प्लॉटचं कुंपण उपटून काढलं. जमीन हलली की सगळ्या गल्लीनं इथं यायचं, असं दारोदार जाऊन सांगितलं. वर दर महिन्याला कवायत. हे शिट्टी फुंकणार आणि लोकांनी लेकरंबाळं घेऊन प्लॉटवर जमायचं.

भीती ताजी होती तवर लोक आले. मग हसायला लागले. शेजारचे दुकानदार तर तोंडावर म्हणायचे, "साहेब, भूकंपाला सांगा, आज बाजार हाय, उद्या ये." शेवटी शेवटी कवायतीला हे एकटेच. भर उन्हात घड्याळ बघत उभे. मला लाज वाटायची आणि त्यांची चीडही यायची.

मग लातूरला क्लासचं वेड आलं. सगळ्या मराठवाड्यातनं पोरंपोरी शिकायला यायला लागली. गल्लीतल्या घरांवर मजले चढले, खोल्या भाड्यानं गेल्या. मी पोरींचे डबे करायला लागले. माझे मालक नांदेडला नोकरीला, शनिवारी येणार, रविवारी जाणार. मला माझ्या पायावर उभं राहायचं होतं. पण आमचं स्वयंपाकघर एवढंसं, परात ठेवली की पाय ठेवायला जागा नाही. आणि दारापुढं आमचाच प्लॉट मोकळा! पत्र्याची खानावळ टाकते, मोठी शेगडी ठेवते, पोरी बसून गरम जेवतील, एवढंच माझं मागणं. दरवर्षी मागितलं. दरवर्षी मामंजी म्हणाले, "न्हाई. गल्लीनं जायचं कुठं?"

"आन् मी कुठं जाऊ?"

"तू घरातली हायेस."

घरातली! त्या एका शब्दावर माझं उभं आयुष्य त्या भट्टीत गेलं. गुडघे गेले, डोळे गेले. लोकांसाठी हा माणूस देव व्हायला निघालेला, आणि ह्या देवाला रोज दोन वेळा मला वाढून द्यावं लागायचं.

पुढं म्हातारपणी ते मोरीत पडले, खुबा मोडला आणि खाटेला खिळले. त्याच आठवड्यात शेजारचे ते दुकानदार दारात. त्यांनी वरचे मजले क्लासला दिले होते. "वहिनी, पोरांच्या गाड्या चार दिवस लावू द्या की." चार दिवस कसले, सगळा प्लॉट भरून गेला. मालक म्हणाले, जाऊ दे, भांडण नको. मी म्हणलं, जाऊ दे तर जाऊ दे, त्यांचीच लाडकी गल्ली हाय. मामंजी आतल्या खोलीत. त्यांना दिसायचा काही प्रश्न नव्हता.

आणि एका सकाळी जमीन हलली. मी पोळ्या लाटून राहिले होते. मांडणीवरचे डबे धडाधड खाली आले, भिंतीतनं माती झडली. बाहेर एकच कल्ला. मी आत पळाले आणि मामंजींची खाट दाराकडं ओढली. खाट दारात अडकली. सगळ्या गल्लीची दारं मोठी करायला लावणाऱ्या माणसानं स्वतःच्या खोलीचं दार कधी मापलं नव्हतं! मी वरडले, "अरे या की कुणीतरी! म्हातारं माणूस हाय आत!" कुणी आलं नाही. गाड्यांमुळं प्लॉटवर पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून सगळे बोळात, त्या चढवलेल्या मजल्यांखालीच उभे. पोरं मोबाइलवर शूटिंग करत होती.

"सोड मला. मोकळ्या जागंत जा," मामंजी म्हणाले. आवाज फौजेतला.

"कुठली मोकळी जागा? गाड्या लावल्यात तिथं, तुमच्या गल्लीनं!"

"कवापासून?"

"तुम्ही पडला तवापासून."

जमीन थांबली होती. त्यांनी विचारलं, "किती गाड्या हायेत?"

"मी काय मोजत बसले का?" मी किंचाळले. मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ते जेवले नाहीत म्हणलं तरी चालंल. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय तर कधीचंच झालं होतं.

तेराव्याला शेजारी चारचौघांना घेऊन आले. ह्या जागेवर साहेबांच्या नावानं अभ्यासिका बांधू म्हणाले, वर क्लास, खाली गाड्या. मालक मान डोलवायला लागले. मी पदर खोचून पुढं झाले. म्हणलं, नावबिव काही नको. परवा गवंडी येणार हाय. माझी खानावळ होणार तिथं. त्याच्या आत गाड्या काढा, नाहीतर मी काढते.

गवंडी आला, दोरी लावली, चुन्याची फक्की टाकून आखणी केली. तेव्हा शेजारी तरातरा बाहेर आले. "वहिनी, हे बरं न्हाई. साहेबांनी ही जागा आमच्यासाठी ठेवली होती. उद्या परत जमीन हलली तर आम्ही जायचं कुठं?"

"मामंजी आत खाटेवर होते तवा जिथं गेला होतात, तिथंच जा."

ते घरात गेले. गवंड्यानं विचारलं, "बाई, खोदू का?" मी हो म्हणणार, तर तोंडातनं शब्दच फुटंना. इतकी वर्षं ह्या जागेपायी ज्याच्याशी भांडले, तो म्हातारा आता आतनं 'न्हाई' म्हणायला नव्हता. मला त्याचा असा राग आला, असा राग आला, की मी भर गल्लीत उभी राहून रडले.