मामी रेल्वेनं, मामा विमानानं: लखनौ ते पुणे

पुण्याला भाचीच्या लग्नाला विमानानं जावं की रेल्वेनं, यावर आमच्याकडे आठवडाभर खल झाला. लग्नसराईत अमीनाबादचं चिकनकारी कपड्यांचं दुकान बंद ठेवायला माझा जीव होईना. शेवटी मीच शक्कल काढली: बायकोनं एक दिवस हाताशी ठेवून रेल्वेनं जायचं, मी लग्नाच्या आदल्या दुपारी विमानानं. महिनाभर आधी काढलं तर विमानाचं तिकीट थर्ड एसीच्या आसपास बसतं, पण बॅगेचे पैसे वेगळे. म्हणून नवरीला मामाकडून द्यायची पिवळी साडी बायकोकडे.

“अहो, मुलीला मांडवात मामानं आणायचं असतं, साडीनं नाही,” गाडीत चढताना ती म्हणाली.

“अगं, दोन-अडीच तासांचं तर विमान!”

आलमबागहून मेट्रो थेट विमानतळावर जाते. टॅक्सीच्या फंदात पडू नका. बाहेर लख्ख ऊन होतं आणि फलकावर ‘विलंब’. माझ्या पुढचे चाचा काउंटरवर म्हणाले, “बेटा, धूप निकली है, कोहरा कहाँ है?”

“सर, जहाज जहाँ से आना है, वहाँ।”

“तो मियाँ, हमें वहीं बुला लेते!”

संध्याकाळी विमान रद्द. दुसऱ्या दिवशी सकाळचं दिलं, तेही दोनदा गेट बदलून लांबलं. धुक्यानं रेल्वेही रखडली होती, पण बायको साडीसकट वेळेत पोचली.

मुहूर्ताला मी अजून गेटवरच होतो; तिनं फोन चालू ठेवला. भटजी म्हणाले, “मामा, मुलीला आणा!” मग माझ्या बहिणीचा आवाज: “वहिनी, तूच आण गं.”

मंगलाष्टकं ऐकून चाचांनी विचारलं, “किसकी शादी है?”

“भांजी की।”

“तो आप यहाँ क्या कर रहे हैं?”

अक्षता पडल्या आणि पाठोपाठ आमचं बोर्डिंग जाहीर झालं. आता जायचं तरी कशाला? तरी उठलो.

पोचलो तो पाठवणी चालली होती. भाची गळ्यात पडून म्हणाली, “मामा, निदान जेवून घे!”

परतताना आम्ही दोघं रेल्वेनं निघालो. दौंडला बायकोनं हळदीपासून लग्न सांगायला घेतलं. भुसावळपर्यंत व्याह्यांचे रुसवेफुगवेच पुरले. झाशीला मी विचारलं, “मांडवात येताना पोरगी काही बोलली का गं?”

“म्हणाली, मामी, हळूहळू चालू या. तेवढ्यात मामा येईलही.”

लखनौला परतून आठवडा झाला. थंडीत विमानाचा भरवसा धरू नका, एवढं मी विचारणाऱ्यांना सांगतो. दुकानाचे दोन दिवस वाचले खरे. पण पोरगी तिकडे माझ्यासाठी पावलं रेंगाळत टाकत होती हे कळल्यापासून नक्की काय वाचलं, तेच मला उमगेनासं झालंय.